विजेत्यांची कॅसेट

मे महिना आला की मी चिडकी होते. घरातले म्हणतात, ऊन बाधलं. बाधू द्या. नागपुरात जन्मलेल्या बाईला या वयात ऊन काय बाधणार? बाधतं ते वेगळंच असतं, पण उन्हाचं नाव सांगितलं की कोणी पुढचं विचारत नाही. यंदाही तसंच चाललं होतं. कूलरच्या जुन्या ताट्या काढून नव्या लावल्या, त्यांना पहिलं पाणी लागलं, घरभर ओल्या वाळ्याचा वास सुटला आणि मी सकाळपासून उगाच भांडी आपटत होते.

दुपारी सान्वी ओरडली. सान्वी माझ्या लेकीची मुलगी, नऊ वर्षांची. सुट्टी लागली की नागपुरात आमच्या बेसाच्या घरी येते. हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमच्या डबीत ती महिनाभर कुठल्यातरी देशात गावोगाव हिंडत होती. प्राणी पकडायचे, वाढवायचे, त्यांची मनं सांभाळायची, मग एकेका गावच्या वस्तादाशी झुंजायचं. आज ती त्या अख्ख्या देशाची चँपियन झाली.

"आजी, ये ना लवकर! माझं नाव येतंय!"

गेले. पडद्यावर मोठा दिवाणखाना, तुताऱ्या वाजताहेत, वरून उजेड पडतोय. तिचे सहा प्राणी एकेक करून पुढे आले. प्रत्येकाखाली त्याचं नाव. सगळ्यांत शेवटी ती स्वतः, टोपी घातलेली छोटीशी मुलगी, आणि खाली सान्वी. आजची तारीख, किती तास खेळली, सगळं लिहिलेलं. काय तो थाट! आमच्या लग्नातसुद्धा एवढा नव्हता.

"हे आता कायमचं राहणार," ती म्हणाली.

"कायमचं म्हणजे किती गं?"

"फॉरेव्हर. कोणी डिलीट नाही केलं तर."

भाजी लागते म्हणून मी आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

आम्ही तेव्हा सक्करदऱ्याला राहत होतो, तलावापासून पाच मिनिटांवर. दोन खोल्या, समोर पत्र्याची पडवी. बाबा पोस्टात होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे नातवंडांची नावं बहुतेक ठरलेलीच: थोरला मिलिंद, धाकटी मी संघमित्रा. मला घरात मित्रा म्हणायचे. मी मिलिंदला दादा म्हणायचे आणि आमची आई, जिला आम्ही माय म्हणत असू, ती त्याला बाबूच म्हणायची. एकवीस वर्षांचा झाला, मिशा आल्या, तरी बाबू.

दादाला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप बिघडवून गेला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आता सक्करदऱ्याच्या त्या वस्तीत धावायचं नाही म्हणजे काय करायचं? पोरं म्हणजे कबड्डी आणि कबड्डी म्हणजे पोरं. दादाचा जिवलग मित्र कैलास तर असा खेळायचा की चढाईला गेला की बायका पोळ्या टाकायच्या सोडून दारात यायच्या. तो मैदानात आणि दादा मैदानाच्या कडेला खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन. गुणलेखक. कोणी कोणाला बाद केलं, कोणाचा दम कुठे सुटला, सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

स्पर्धा संपली की बक्षीस समारंभ. लाउडस्पीकरवर नाव पुकारायचे, शाल, श्रीफळ, शिल्ड, टाळ्या. दादा त्या वेळी वही मिटून खुर्च्या मोजत असायचा. मी एकदा चिडून विचारलं, "दादा, इतक्या नावांत तुझं नाव कुठं आहे?"

"हे काय खाली," तो म्हणाला. "सही आहे ना."

मला असा राग आला होता! कोणाचा, ते तेव्हाही कळलं नव्हतं. आज सान्वीच्या पडद्यावर ते सहा प्राणी रांगेत उभे राहिलेले बघून पुन्हा तोच राग आला.

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. दादाची बी.एस्सी.ची परीक्षा संपली होती आणि त्याच्या एका सरांनी सुट्टीपुरता आपला कॉम्प्युटर त्याला वापरायला दिला होता. कॉम्प्युटर म्हणजे पाटीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. पडदा नाही, आपला टीव्ही जोडायचा. साठवायची सोय नाही, आपला टेपरेकॉर्डर जोडायचा. बटण बंद केलं की डबा सगळं विसरायचा. म्हणून जे ठेवायचं असेल ते कॅसेटवर ठेवायचं. ती कॅसेट साधी लावून ऐकली तर नुसतं किर्रर्र वाजायचं. मायनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर कानावर घेतला.

"कोन बोलून राहिलं गा हे? बंद कर बाप्पा!"

"माय, हे अक्षरं आहेत. आवाजात लिहिलेली."

"मंग वाच बरं."

"मले नाही वाचता येत. त्याले येते," आणि दादानं डब्याकडे बोट केलं. माय दिवसभर हसत होती.

त्या डब्यावर दादानं स्वतः एक खेळ लिहिला. नाव ठेवलं 'मैदान'. चित्र जवळजवळ नाहीच, सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. आपण एका वस्तीतला पोरगा व्हायचं, गडी जमवत फिरायचं. कोणी रुसलेला असतो, कोणाला घरून सोडत नाहीत, कोणाचा पाय मुरगळलेला, त्याला हळद लावायची. असे सात गडी झाले की एकेका वस्तीच्या संघाशी सामने. प्रत्येक गड्याला दम दिलेला, आकड्यात. फार धावलं की दम कमी. दम संपला की गडी बाद. आणि शेवटी शहराचा मोठा सामना, इतवारीच्या संघाशी.

जिंकलं की टीव्हीवर सत्कार व्हायचा. एकेका गड्याचं नाव अक्षर-अक्षर करून उमटायचं, प्रत्येक नावाला एक पिपाणी वाजायची. मग SHAL. मग SHRIPHAL. फुल्या जोडून काढलेला एक नारळ. आणि मग डबा विचारायचा, नोंद करायची का? हो म्हटलं की टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबायचं, आणि किर्रर्र. कॅसेटवर दादाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'विजेते'.

नोंदीत फक्त जिंकणाऱ्याचं नाव नव्हतं. सातही गडी होते, गुण होते, आणि हरलेल्या संघाचं नावसुद्धा होतं. कैलास म्हणाला, "हरलेल्याचं काहून लिहितं बे?"

दादा म्हणाला, "मंग तू जिंकला कोणाशी? हवेशी?"

दुपारी रस्त्यावर ऊन भाजत असायचं आणि आमच्या पुढच्या खोलीत दारं लावून वस्तीतली पोरं दाटीवाटीनं बसलेली. माय ओरडायची, पन्हं द्यायची, पुन्हा ओरडायची. कैलास तीनदा जिंकला. तिथंही तोच जिंकला, काय म्हणावं! शेजारचा राजू जिंकला. एकदा मीसुद्धा जिंकले. माझं नाव डब्यात मावत नव्हतं, सहाच अक्षरांची जागा, म्हणून SANGHA. अकरा नोंदी झाल्या. दादा एकदाही खेळला नाही.

"पंचानं खेळाचं नसते वं," तो म्हणायचा.

जूनच्या सुरुवातीला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. बाबा रजेचा अर्ज घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा काढून वाचत. माय त्याच्या सदऱ्यांची बटणं घट्ट करत बसायची, घट्ट असलेलीसुद्धा. माझ्या मात्र डोक्यात एकच बसलं होतं. दादाचं नाव त्या कॅसेटवर यायला पाहिजे. जायच्या आधी. काहून ते सांगता आलं नसतं. सोळा वर्षांच्या पोरीला वाटतं ना, एकदा नाव लिहिलं गेलं की माणूस कुठं जात नाही.

मी त्याच्या मागेच लागले. रुसले. जेवले नाही. शेवटी निघायच्या दोन दिवस आधी तो हात जोडून म्हणाला, "खेळतो बाई, खेळतो. तू जेव."

गडी निवडताना त्यानं कमाल केली. नावं टाकायची सोय होती, तर यानं कैलास घेतला, राजू घेतला, मला घेतलं, बाबांना घेतलं आणि मायला घेतलं. माय चुलीशी होती, तिथूनच ओरडली, "मले कायले घेतं गा त्याच्यात? माहे गुडघे दुखून राहिले!"

"माय, तुहा दम सगळ्यात जास्त ठेवला आहे."

आपल्यासकट सहा झाले. सातवा मिळेना. पडवीत शेजारच्या काकूंची बकरी राणी बसलेली होती, दादानं तिला घेतलं. खोलीत असा हशा झाला! आणि काय सांगू, शेवटच्या सामन्यात तीसुद्धा टिकली. कैलास बाद, बाबा बाद, मी तर पहिल्याच चढाईत बाद. दादा मध्ये दोनदा थांबला, उशीला टेकून श्वास घेतला, पुन्हा बसला. शेवटी मैदानात माय, राणी आणि तो. आणि जिंकला. अठ्ठावीस-सत्तावीस.

नाव उमटायला लागलं. M. I. L. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो गुणलेखकासारखाच बघत होता, बरोबर येतंय की नाही ते. पूर्ण नाव आलं तेव्हा कुठे हसला.

कैलासनं मायला वाचून दाखवलं, "आता शाल म्हणते. आता श्रीफळ." माय उठली. ट्रंकेतली बाबांची लोकरी शाल काढली, मे महिन्यात, त्या उकाड्यात, आणि दादाच्या खांद्यावर घातली. मग थबकली. नारळ आमच्या घरात येतच नसे, दीक्षा घेतल्यापासून ते सगळं बंद. इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातलं खरबूज उचललं.

"हे चालते का तुह्या मशीनले?"

दादानं खरबूज दोन्ही हातांत घेतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, राजूनं तोंडानं बँड वाजवला. दादाचे डोळे भरलेले मी पाहिले. मग किर्रर्र झालं आणि बारावी नोंद कॅसेटवर गेली. त्या कॅसेटची मागची खुंटी दादानं मोडली नव्हती. ती मोडली की कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "यादी अजून वाढाची आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा सरांकडे परत गेला. संध्याकाळी विहारातल्या बायका दादासाठी परित्राणपाठ, म्हणजे रक्षणाच्या पाली गाथा, म्हणायला आल्या. पांढरी लुगडी, मेणबत्त्या, मोगऱ्याची फुलं. मला वाटलं, हा पाठ टेप करून दादासोबत द्यावा, दवाखान्यात ऐकेल. कोरी कॅसेट घरात नव्हती. 'विजेते'ची दुसरी बाजू कोरी होती. बायकांनी म्हणायला सुरुवात केली, मी घाईघाईनं कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं.

बायका गेल्यावर नीट आलं का बघायला मागे फिरवली. पाठ अगदी पहिल्या शब्दापासून स्वच्छ आला होता. मी झाकण उघडलं. वरच्या बाजूला दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विजेते'.

मी तिथंच खाली बसले. उलटी बाजू लावली. कोरी. पुन्हा ही बाजू लावली, पुढे पळवली, मागे आणली. बायकांचे आवाज, सगळ्यांत वर मायचा, आणि किर्रर्र कुठेच नाही. डबा परत गेलेला. खेळ परत खेळायला दिवस नाही. पलीकडच्या खोलीत दादा बॅग भरत होता. मी उठून त्याला सांगायला हवं होतं. मी कॅसेट बॅगेत ठेवली.

"पाठ आहे यात," एवढंच म्हणाले.

तो आणि बाबा गेले. आठवड्यानं मला त्याचं पोस्टकार्ड आलं. "मित्रा, पाठ ऐकला. आवाज स्वच्छ आला आहे. मायचा सगळ्यांत वर. कैलासला सांग, आल्यावर एक सामना आहे." मी ते कार्ड दहा वेळा वाचलं. कॅसेट लावली की पाठ 'विजेते'च्याच बाजूवर आहे, हे दादाला कळल्याशिवाय कसं राहील? त्यानं त्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

बाबा एकटे परत आले. बॅग, टेपरेकॉर्डर, कॅसेट. मायनं कॅसेट घेतली, डोळ्यांना लावली आणि ट्रंकेत शालीच्या घडीत ठेवली. तिच्या लेखी त्यात तिच्या बाबूचं नाव होतं, आवाजात लिहिलेलं, सरांच्या डब्यालाच वाचता येईल असं. ती लावून ऐकायची तिची हिंमत नव्हती. "किर्रर्र ऐकून मी काय करू वं," म्हणायची.

पावसाळा संपता संपता एक दिवस घरात कोणी नसताना मी ती काढली. पाठ ऐकायचा नव्हता. आपण काय करून ठेवलं ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं, स्वतःला शिक्षा म्हणून. पाठ संपला. खट्ट आवाज झाला. मग भांड्यांचा खणखणाट, कोणाचंतरी खोकणं, लांबून नर्सची हाक. आणि दादा.

"हं. सुरू झाली वाटते. विजेत्यांची यादी. गुणलेखक, मिलिंद."

मी टेपरेकॉर्डर दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्यानं एकेक नोंद म्हटली. पहिला कैलास, मग त्याचे सात गडी, गुण, हरलेला संघ. दुसरा राजू. सगळं पाठ. मध्ये श्वास घ्यायला थांबायचा, त्या थांबण्यात वॉर्ड ऐकू यायचा. माझी नोंद आठवी. "संघमित्रा," तो पूर्ण म्हणाला, सहा अक्षरांत तोडून नाही. अकरा झाल्या.

"बारावा," तो म्हणाला. "बारावा... दम लागून राहिला. उरलेलं मित्रा सांगन. तिले पाठ आहे."

खट्ट.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना बाई. मायला बोलवायचं, बसवायचं, ऐकवायचं. लेकराचा आवाज होता तो! पण तो ऐकवायचा म्हणजे आधी पाठ ऐकवायचा, आणि पाठ त्या बाजूला कसा आला ते सांगायचं. मी ठरवायचे, उद्या. बाबासाहेबांच्या जयंतीनंतर. माझ्या लग्नाआधी. दर मे महिन्यात माय ट्रंक आवरायला काढायची आणि कॅसेट हातात घेऊन मला विचारायची, "आहे ना वं त्यात त्याचं नाव?"

"आहे, माय."

खोटं बोलायचीही सवय लागते. एका उन्हाळ्यात मात्र खरंच धीर केला. माय म्हातारी झाली होती, कानानं कमी ऐकायची. म्हटलं, आधी आपण लावून बघू. लावली. दोन शब्द वाजले आणि यंत्रानं फीत खाल्ली. इतक्या वर्षांच्या उन्हानं ती चिकटली होती. ओढली तशी तुकडे हातात आले. मी ते तुकडे परत डबीत भरले, डबी शालीत ठेवली, आणि माय आली तेव्हा पुन्हा म्हणाले, आहे. ती गेली तेव्हा बाबांनी शाल तिच्यावर घातली. आपल्या लेकाचा आवाज घरात वीस वर्षं होता, हे तिला कळलंच नाही. मी कळू दिलं नाही. नाव पुसलं ती चूक होती, पोरीच्या हातून झाली. हे दुसरं मी जाणून केलं, आणि याला मला माफी सापडत नाही.

आज हे सगळं कोणाजवळ बोलले, तर सान्वीजवळ. ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली होती. "आजी, भाजी कुठेय?" विचारलं तिनं, आणि मला काय झालं कोण जाणे, ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. डबा, कबड्डी, बकरी, खरबूज. कॅसेट मीच पुसली. मायला मीच फसवलं. नऊ वर्षांच्या पोरीला सांगायची का ही गोष्ट? पण ती समोर मांडी घालून बसली आणि तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "पण ते तर तुला सांग म्हणाले होते ना. बारावं."

"हो."

"तू सांगितलंच नाहीस अजून."

तिनं जाऊन तिच्या आईचा जुना फोन आणला, माझ्यासमोर फरशीवर ठेवला आणि लाल ठिपका दाबला. "सांग," म्हणाली.

मी सांगितलं. इतकी वर्षं झाली, एक अक्षर विसरले नव्हते. बारावी नोंद. संघाचे गडी: कैलास, राजू, संघमित्रा, बाबा, माय, राणी. गुण अठ्ठावीस-सत्तावीस. हरलेला संघ इतवारी. मग विजेत्यापाशी आले आणि काय म्हणाले ते मलाच कळलं नाही.

सान्वीनं फोन कानाला लावून ऐकला. मान हलवली. माझ्याशेजारी बसली आणि पुन्हा लाल ठिपका दाबला.

"आजी, नाव नीट नाही आलं. परत सांग."

मी डोळे पुसले आणि लाउडस्पीकरवर पुकारतात तसं, मोठ्यानं, पूर्ण नाव घेतलं.